फुलांचा साबण नसतो, साबण तेलाचा असतो



दसरा-दिवाळी उरकली. झेंडूचं काय झालं ते बाजारात माल घेऊन गेलेल्यांना सांगायला नको. पहाटे गाडी लागली तेव्हा बरा भाव, ऊन डोक्यावर आलं तोवर निम्मा, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी क्रेट उचलायला पण कुणी तयार नाही. दादरला काय, गुलटेकडीला काय, ही गत दरवर्षीचीच. आणि दरवर्षीच्याच नेमाने लगेच फोनवर जाहिराती सुरू होतात. "फुले फेकू नका, साबण बनवा!" "शेतातील फुलांपासून १०० टक्के केमिकलमुक्त साबण, एका दिवसात प्रशिक्षण, घरबसल्या लाखोंची कमाई." खाली गुलाबाच्या पाकळ्या पसरलेल्या, मधोमध चकचकीत साबणाच्या वड्या, हात जोडलेली बाई.

आज त्याच्यावर लिहितोय. लांब होईल, पण चहा घेऊन वाचा.

आधीच सांगतो, मी साबण करण्याच्या विरोधात नाही. आमच्या घरात गेली चार वर्षं अंगाचा साबण विकत आणलेला नाही. आमच्या सौ. करतात, मी तोलून-मापून देतो. पाहुण्यांना देतो, लेकीच्या सासरी पाठवतो. माझं रसायनशास्त्र दहावीपर्यंतचंच, पण साबणाला तेवढं पुरतं. माझं भांडण आहे ते शेतकऱ्याला आणि बचत गटातल्या बायकांना जे खोटं सांगून पैसे काढले जातात त्याच्याशी.

पहिलं खोटं म्हणजे "केमिकलमुक्त".

साबण म्हणजे तेल किंवा चरबी अधिक दाहक सोडा. कॉस्टिक म्हणून दुकानात मिळतो तो. सोडियम हायड्रॉक्साइड. दोन्हीची गाठ पडली की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. भट्टी न लावता, तेल कोमट ठेवून, हा मिलाफ आपोआप होऊ द्यायचा, मग वडी महिना-दीड महिना वाळवायची, याला थंड पद्धत म्हणतात. नाव थंड आहे, पण सोडा पाण्यात पडला की पाणी चुलीशिवाय ८०-९० अंशाला जातं. सोड्याशिवाय कडक वडीचा साबण जगात कुणी केलेला नाही. पूर्वी लाकडाच्या राखेच्या पाण्याने करायचे, पण तोही क्षारच, फक्त पोटॅशचा, आणि त्याचा साबण मऊ लिबलिबीत होतो.

नीट केलेल्या आणि वाळलेल्या साबणात मोकळा सोडा उरत नाही हे खरं. तेवढंच सांगा ना! "करताना सोडा लागतो, झाल्यावर उरत नाही." दोन वाक्यं. पण तसं सांगितलं तर पोस्टरवरचं "केमिकलमुक्त" पुसावं लागतं. म्हणून मग सोड्याला "नैसर्गिक क्षार" म्हणायचं. (हेच लोक आपल्याला युरियावरून भाषण देतात, बरं का.)

या एका शब्दाने काय होतं ते आमच्या वाडीत झालंय. गटातल्या बायका प्रशिक्षणाला गेल्या. शिकवणारी मॅडम म्हणाली, नैसर्गिक क्षार आहे, थोडं चुरचुरतं, घाबरायचं नाही. घरी येऊन एका वहिनींनी जर्मलचं पातेलं घेतलं, कारण तेच मोठं होतं. आता ज्यांना माहीत आहे त्यांच्या अंगावर काटा आला असेल. कॉस्टिकचं पाणी जर्मलला खातं, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, उकळी फुटल्यासारखं वर येतं. पातेलं फसफसलं, वहिनी हात घालून ते चुलीच्या कट्ट्यावरून उचलायला गेल्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओतलं. वर कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबू चोळलं. आज सात महिने झाले, हातावर चट्टा आहे आणि दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. त्यांचं दूध काढणं बंद झालं. दोन म्हशींच्या धारा आता सासूबाई काढतात, वय ६८. मॅडमला फोन केला तर म्हणाल्या, तुम्ही सूचना नीट ऐकल्या नसतील.

सूचना दिली असती तर काय दिली असती? ती मी देतो, लिहून ठेवा. भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा जाड प्लॅस्टिकचं, जर्मल आणि कल्हईचं अजिबात नाही. सोडा पाण्यात टाकायचा, थोडा थोडा, ढवळत. पाणी सोड्यात कधीही ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. डोळ्याला फवारणीचा चष्मा, हातात लांब रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचं कापड. उघड्यावर किंवा दार-खिडक्या उघडून. पोरंबाळं, कोंबड्या, मांजरं लांब. अंगावर उडालं तर लिंबू नाही, व्हिनेगर नाही, हळद नाही, नुसतं वाहतं पाणी, १५-२० मिनिटं धरून ठेवायचं, आणि डोळ्यात गेलं तर धूत धूतच दवाखान्यात. आपण फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचा लाल त्रिकोण बघून हातमोजे घालतो. त्याच औषधाला कुणी "नैसर्गिक अर्क" म्हटलं असतं तर घातले असते का?

दुसरं खोटं फुलांचं. हे मला जास्त झोंबतं, कारण फुलं आपण पिकवतो.

अंगाला हळद लागलेला सदरा साबणाने धुताना डाग लाल होतो, हे सगळ्यांनी बघितलंय. साबण क्षार आहे, हळद क्षारात लाल होते. मग हळदीचा साबण पिवळाधमक कसा राहील? घालताना लालभडक दिसतो, मग विटकरी होतो आणि उजेडात ठेवला तर आणखी फिका पडत जातो. जास्वंदीचं तसंच. शाळेत पोरं जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी करून प्रयोग करतात, आंबटात गुलाबी, क्षारात हिरवं. साबणात ते हिरवंही टिकत नाही, चार दिवसांत मातकट होतं. गोकर्णाचा निळा रंग चहात छान दिसतो, साबणात निळा राहत नाही. गुलाबाच्या पाकळ्या वर चिकटवल्या तर आठवड्यात वाळलेल्या झुरळासारख्या तपकिरी. कडुनिंबाची आणि तुळशीची पूड पहिल्या दिवशी हिरवी, महिन्याने शेणाच्या रंगाची. जाहिरातीतल्या फोटोतला जास्वंदीचा साबण लाल असतो ना, तो रंग बाटलीतला आहे.

क्षारात तग धरतो तो झेंडू. त्यातला पिवळा-केशरी रंग वेगळ्या जातीचा, तेलात विरघळणारा, गाजरातल्या रंगाच्या नात्यातला. पाकळ्या सावलीत कडकडीत वाळवून तेलात तीन-चार आठवडे भिजत ठेवल्या, गाळून ते तेल साबणाला घेतलं, तर वडीला सुंदर लोण्यासारखा पिवळा रंग येतो. आम्ही करतो. पण तो रंग आहे. औषध नाही.

इथंच आणखी एक गोंधळ मुद्दाम घातला जातो. परदेशी पुस्तकांत त्वचेला चांगलं म्हणून ज्या फुलाचं नाव येतं ते कॅलेंडुला. त्याला इंग्रजीत झेंडूच्या भावकीतलं नाव आहे, म्हणून आपले लोक भाषांतर करताना सरळ झेंडू लिहितात. कॅलेंडुला वेगळं झाड, आपला झेंडू म्हणजे टॅजेटिस, वेगळं झाड. दोन्ही एकाच कुळातले, तसा सूर्यफूलही त्याच कुळातला. म्हणून काय सूर्यफुलाला झेंडू म्हणून हार घालाल? कॅलेंडुलाचे गुण झेंडूच्या वडीवर छापणं म्हणजे ज्वारीच्या पोत्यावर बासमती लिहिणं.

वास? मोगरा, जाई, निशिगंध, गुलाब, कुठल्याच फुलाचा वास सोड्याच्या तोंडी टिकत नाही. पाकळीत वासाचं तेल असतंच किती? १ किलो गुलाबतेलाला ३ ते ५ टन पाकळ्या लागतात. कन्नौजला पिढ्यान्‌पिढ्या डेग-भपक्यात उकळून अत्तर काढतात ते उगीच नाही. चमचाभर पाकळ्यांनी साबण घमघमत असता तर कन्नौजवाले एवढं लाकूड कशाला जाळत बसले असते? म्हैसूरचा चंदनाचा साबण शंभर वर्षं नाव राखून आहे, तो चंदनाचा भुसा घालून नाही. १९१६ च्या सुमारास त्या संस्थानाने चंदनाचं तेल काढण्याचा कारखाना काढला आणि तेलाच्या जोरावर साबण उभा केला. तुमच्या मोगऱ्याच्या साबणाला मोगऱ्याचा वास येत असेल तर तो दुकानातल्या बाटलीचा आहे. घाला खुशाल, पण तसं लिहा.

आणि ओल्या ताज्या पाकळ्या घालायला जे शिकवतात त्यांना तर काय म्हणावं. ओली पाकळी वडीच्या पोटात कुजते, काळं पडतं, वास मारतं. दूध आणि मध घातला तर त्यातल्या साखरेने घाणा तापतो, रंग जळका होतो, कधी कधी साच्याबाहेर उतू जातो. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, म्हणून पाण्याच्या हिशोबात तो धरावा लागतो, तेही सांगत नाहीत. डाळीचं पीठ, मुलतानी माती, हे चमचा-दोन चमचे चालतं.

आता हिशोब. शेतकऱ्याला शेवटी हिशोबच कळतो.

मी ओसरीवर १० किलो झेंडू घेऊन बसलो. हिरवा भाग काढून पाकळ्या निघाल्या ६ किलोच्या आसपास. सावलीत वाळल्यावर राहिलं पाऊण किलो. म्हणजे क्विंटलला साडेसात किलो वाळलेल्या पाकळ्या. साबणात १ किलो तेलाला १० ग्रॅम पाकळ्या पुष्कळ होतात, त्याच्यावर घातल्या तर अंग घासताना टोचतात आणि न्हाणीची मोरी तुंबते. साडेसात किलोला लागले ७५० घाणे. एका घाण्याच्या १२ वड्या. वड्या झाल्या ९,०००. तेल लागलं ७५० किलो आणि कॉस्टिक शंभर किलोच्या वर.

आमच्या बाजारात आज खोबरेल ३५०, शेंगदाणा तेल १८०, एरंडेल १७० च्या घरात धरलं तर मिसळलेलं तेल किलोला २३० पडतं. ७५० किलोचे झाले पावणेदोन लाखाच्या जवळ.

फुलं किती रुपयांची वाचवली? १० चा भाव धरला तर क्विंटलभर फुलं म्हणजे १,००० रुपये. हजाराची फुलं वाचवायला पावणेदोन लाखाचं तेल! आणि हे एका क्विंटलचं झालं. एकरी ३ टन झेंडू निघाला तर पावणेतीन लाख वड्या. तालुक्यातल्या प्रत्येक माणसाला एक वडी देऊनही आमच्या एका एकराच्या उरतील.

आता सांगा, ही फुलांची प्रक्रिया आहे का तेलाची? खादी ग्रामोद्योगाच्या जुन्या यादीत या उद्योगाचं नावच "अखाद्य तेल व साबण" असं होतं. तेल आधी, साबण नंतर. करंज, मोह, कडुनिंब गोळा करणाऱ्याला चार पैसे मिळावेत म्हणून. ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांना साबण कशाचा होतो ते माहीत होतं. फूल त्यात कुठंच नव्हतं.

गटाचं काय झालं तेही सांगतो. १२ बायका, प्रत्येकी १,५०० फी, ते १८,००० झाले. गटाने बँकेतून ६०,००० उचलले. मॅडमकडूनच साचे घेतले, रंग घेतले, वासाच्या बाटल्या घेतल्या, आणि "बेस" घेतला. हा बेस म्हणजे कारखान्यात तयार झालेला साबण, तो वितळवायचा, रंग-वास टाकायचा, साच्यात ओतायचा. त्यात तुम्ही साबण करत नाही, साबणाला नवा आकार देता. करायला हरकत नाही, सोपं आहे, सोड्याची भीती नाही. पण त्याला "थंड पद्धतीचा, हाताने बनवलेला, शेतातला" म्हणून विकायला शिकवलं. आज समाजमंदिरात ७०० वड्या पडून आहेत. आतल्या पाकळ्या काळ्या पडल्यात. पावसाळ्यात वड्यांना घाम सुटून कागद चिकटले. हप्ता मात्र दर महिन्याच्या १० तारखेला येतो, आणि बायका तो मजुरीतून भरतात.

खऱ्या थंड पद्धतीच्या वडीलाही आजच्या भावाने नुसता कच्चा माल वीसेक रुपयांचा लागतो. कागद, मजुरी, वाया जाणारी तुकडी वेगळी. गावातल्या दुकानात १० रुपयांपासून साबण आहे. म्हणजे आपलं गिऱ्हाईक गावात नाही, शहरात आहे, आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला गाठायला लागणारी माणसं प्रशिक्षणाच्या फीमध्ये येत नाहीत.

परवान्याची गोष्ट तर कुणी तोंडातून काढतच नाही. घरी वापरायला करा, भेट द्या, कुणी विचारत नाही. विकायला काढला की साबण हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात. बनवण्याचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून काढावा लागतो, जागा, माणूस, तपासणी, लेबल सगळं आलं. बारा बायकांच्या गटाला ते जमणार नाही असं नाही. पण कर्ज उचलायच्या आधी सांगायला पाहिजे ना?

तिसरं खोटं सगळ्यात वाईट. "गजकर्ण जातो, खरूज जाते, कोड जातं." आमच्या शेजारच्या वस्तीवर एका चौथीतल्या पोराला गजकर्ण होतं. डॉक्टरचं मलम चालू होतं, कमी येत होतं. आईने कडुनिंब-झेंडूचा साबण आणला आणि मलम बंद केलं, "केमिकल नको" म्हणून. सहा आठवड्यांत पोराच्या मांडीपासून पाठीपर्यंत पसरलं, घरात तिघांना झालं. साबण अंगावर राहतो किती? मिनिटभर. मग पाण्याबरोबर मोरीत. त्यात सगळा साबण क्षारच, सामू ९ ते १० च्या दरम्यान, आणि आपल्या कातडीचा सामू ५ च्या आसपास. तुम्ही मातीचा सामू तपासून जिप्सम टाकणारी माणसं, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. मळ काढणं हे साबणाचं काम, ते तो चोख करतो. रोग बरा करायचा दावा केला की ती वस्तू औषधात मोडते, आणि कोड बरं करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदीच आहे.

आणि "नैसर्गिक" म्हणता त्या फुलावर आपण काय मारतो ते आपल्यालाच माहीत. झेंडू देवाला जातो, पोटात जात नाही, म्हणून लाल कोळी आणि फुलकिडीला शेवटच्या तोड्यापर्यंत हात सैल सोडून फवारणी होते. त्याच्या पाकळ्या तेलात महिनाभर भिजवायच्या आणि लहान मुलांसाठी म्हणून विकायच्या? घरच्या साबणाला परसातली, न फवारलेली दहा झाडं पुरतात. बाजाराचा माल नको.

एवढं बोललो तर माप पण देतो, म्हणजे नुसता शिव्या देतोय असं व्हायला नको.

१ किलो तेल: खोबरेल ३०० ग्रॅम, शेंगदाणा ६०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. ग्रॅमला खोबरेल ०.१८३, शेंगदाणा ०.१३६, एरंडेल ०.१२८. गुणाकार करून बेरीज १४९ च्या थोडी वर. त्यातून ५ टक्के सोडा कमी करायचा, म्हणजे थोडं तेल मोकळं राहून कातडी ओढत नाही. राहिला १४२ ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, २८४ ग्रॅम. सोड्याचं पाणी गार होऊ द्यायचं, तेल कोमट, दोन्ही हाताला सोसेल इतपत (भांड्याला बाहेरून हात लावून, आत नाही!). पाणी तेलात ओतून घुसळायचं, पिठल्यासारखं दाट झालं आणि वरून ओघळ टाकला की उमटून राहिला, की साच्यात. दीड दिवसाने मोजे घालून काढून कापायचं, हवेशीर सावलीत चार ते सहा आठवडे.

आता बारकी गोष्ट, जिच्यात निम्मे लोक फसतात. तेल लिटरने मोजायचं नाही. लिटरभर तेल वजनाला साधारण ९१५ ग्रॅम भरतं. लिटरला किलो समजून १४२ ग्रॅम सोडा घातलात तर त्या तेलाला सगळं मिळून १३७ ग्रॅमच पचतो, वरचा ५ ग्रॅम मोकळा राहतो आणि अंगाला लागतो. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा छोटा काटा आणा, चार-पाचशेला मिळतो. सोड्याची बरणी घट्ट झाकून ठेवा, हवेतलं पाणी ओढून घेतो आणि मग वजन खोटं निघतं. मोरी साफ करायची पूड वापरू नका, त्यात काही वेळा जर्मलचे कण घातलेले असतात.

सगळा साबण करडईचा करायला जाऊ नका. वडी मऊ राहते आणि तीन-चार महिन्यांत केशरी ठिपके येऊन खवट वास सुटतो. किलोला १०० ग्रॅमपर्यंत ठीक. शेंगदाण्याऐवजी मोहाचं तेल मिळालं तर सोन्याहून पिवळं, वडी छान बसते. पण तेल बदललं की सोड्याचा गुणाकार पुन्हा करायचा. आणि तुमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नसेल तर हा साबण फेसही कमी देईल आणि बादलीला पांढरा थर धरेल. तो पाण्यातल्या कॅल्शियमचा दोष आहे. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर त्यात बघा, फरक दिसेल.

कृषी सहायक आणि विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात, त्यांना हात जोडून दोन गोष्टी. तुम्ही मूल्यवर्धनाच्या कार्यक्रमात या फुलांच्या साबणवाल्यांना स्टेज देता, तेव्हा त्यांच्याकडून एका घाण्याचा खर्च फळ्यावर लिहून घ्या, सगळ्यांसमोर. आणि झेंडूचं खरं काम शिकवा. टोमॅटोच्या १६ ओळींना झेंडूची १ ओळ, झेंडूचं रोप ४० दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं, म्हणजे फुलं एका वेळी येतात आणि फळ पोखरणारी अळी झेंडूवर उतरते. सूत्रकृमी असलेल्या रानात झेंडूचं पीक घेऊन पालापाचोळा गाडला तर पुढच्या भाजीला फायदा होतो. झेंडूच्या पाकळीतल्या रंगाचा अर्क कोंबडीच्या खाद्यात जातो, अंड्याचा बलक पिवळा व्हायला, आणि दक्षिणेकडे त्याच्यासाठी करारावर हजारो एकर लागवड होते. तिथं फूल टनाने लागतं, चमचाने नाही. आमच्या पट्ट्यात तशी खरेदी आणता आली तर बघा. साबणच शिकवायचा तर पिकावर मारायचा शिकवा. बेंगळुरूच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेने भाजीपाल्यासाठी कडुनिंबाचा आणि करंजाचा साबण काढलाय, तो आपल्या रोजच्या कामाचा आहे.

गटातल्या ७०० वड्यांपैकी ज्यात पाकळ्या कमी आहेत त्या निवडून, कागदावर "तयार बेसपासून बनवलेला" असं सरळ लिहून आधी घराघरात वापरायच्या, असं परवा बायकांच्या बैठकीत ठरलं. परवान्याचं बघेपर्यंत विक्री बंद. पुढचे पैसे तेलघाण्यात घालायचे का, यावर अजून वाद चाललाय. दोघी म्हणतात घाणा, बाकीच्या म्हणतात आधी कर्ज फिटू दे. सध्या हप्त्याचे ५ महिने बाकी आहेत. कुणाच्या गावात लाकडी घाणा गटाने चालवलेला असेल तर ढेप किती जाते, वीजबिल किती येतं आणि दिवसाला किती किलो गाळप होतं, एवढे तीन आकडे मला कळवा, मी त्यांना वाचून दाखवतो.